रत्नागिरीत समुद्राजवळ फ्लॅट घेताय? मजला शेवटी ठरवू

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: राहता बडोद्यात, नोकरीची सहा वर्षं शिल्लक आहेत, वहिनींचं माहेर रत्नागिरीचं. तिथं समुद्रापासून साधारण ३०० मीटरवर सात मजल्यांची नवी इमारत उभी राहते आहे, दोन स्लॅब पडलेत. ६४० चौरस फूट कार्पेटचा टू बीएचके, पार्किंग धरून ४६.५० लाख. बिल्डर म्हणतो, ८० टक्के रक्कम आत्ताच भरा, चौरस फुटाला २०० रुपये सोडतो. तुम्हाला हवी आहेत दोन उत्तरं: ही सवलत घ्यावी का, आणि तिसरा मजला बरा की सातवा. आणि जाता जाता शेवटी एक ओळ लिहिलीत की निवृत्तीपर्यंत वर्षातून दोनदा जाऊन राहू, बाकी काळ घर बंदच असेल.

माझ्या मते तुमचा खरा प्रश्न त्या शेवटच्या ओळीत दडलाय. खाऱ्या हवेत दहा महिने कुलूप लावून ठेवलेलं घर सहा वर्षांनी कोणत्या अवस्थेत हाती येईल, आणि ज्या इमारतीत ते आहे ती तोवर कशी टिकेल? मजला आणि सवलत या नंतरच्या गोष्टी.

मी कोण ते सांगतो, म्हणजे माझं बोलणं कुठल्या बाजूनं येतंय ते कळेल. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. १९८८ साली बडोद्याच्या कलाभवनातून सिव्हिल करून बाहेर पडलो. पहिली दहा वर्षं हजिरा-दहेज पट्ट्यात नव्या बांधकामांवर काढली, त्यानंतरची सगळी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीत: वलसाड, दमण, अलिबाग, रत्नागिरी. नवी इमारत बांधणारा समुद्राबद्दल एक सांगतो आणि पंधरा वर्षांनी तिचा गिलावा खरवडणारा वेगळंच सांगतो. मी खरवडणाऱ्यांपैकी आहे, तेव्हा माझं बोलणं जरा काळजीखोर वाटेल.

बऱ्याच गोष्टी मला इथं बसून सांगता येणार नाहीत. इमारत आणि समुद्र यांच्यामध्ये काय आहे, मोकळं मैदान की माडाची वाडी की घरांच्या दोन ओळी, यावर बरंच अवलंबून आहे. इमारतीचं तोंड नैऋत्येला आहे का, जवळ खाडी आहे का, तुमचे मेहुणे तिथंच राहतात का आणि महिन्याला एकदा दार उघडतील का, हे तुम्हालाच ठाऊक. पण काही गोष्टी कुठल्याही किनाऱ्यावर बदलत नाहीत. तिथून सुरुवात करू.

आपण बडोदेकर पाण्याला नवखे नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी किती घरांत शिरली ते आठवत असेल. पण ते गोडं पाणी. गाळ उपसला, पंखे लावले, भिंती वाळल्या, दिवाळीला रंग दिला. खाऱ्या पाण्याचं तसं नसतं. पाणी वाळतं आणि मीठ मागं राहतं, आणि तेच मीठ पुढच्या दमट हवेत पुन्हा ओल ओढून घेतं. समुद्राजवळच्या घराला पूर यावा लागत नाही. वाऱ्याबरोबर येणारा खारा तुषार रोज थोडाथोडा बसत राहतो.

आता सिमेंटकाँक्रीटमधली सळई एरवी का गंजत नाही ते पाहू. काँक्रीट आतून तीव्र अल्कधर्मी असतं आणि त्यामुळे सळईवर एक अतिशय पातळ संरक्षक थर धरतो. मिठातलं क्लोराईड नेमका हा थर फोडतं. मग सळई गंजते, गंजलेलं लोखंड मूळच्या कितीतरी पट जागा मागतं, आणि आतून दाब येऊन काँक्रीटचे टवके उडतात. तुम्ही जुन्या इमारतींच्या छज्ज्याखाली लाल सळया बाहेर डोकावताना पाहिल्या असतील, ती हीच गोष्ट. मीठ आणि सळई यांच्यामध्ये उभं असतं ते फक्त काँक्रीटचं बाहेरचं आवरण. साईटवर त्याला कव्हर म्हणतात. ते किती मिलिमीटर आहे आणि किती घट्ट आहे, यावर इमारतीचं आयुष्य ठरतं. त्यातही एक मेख आहे: कव्हर निम्मं पडलं तर मिठाला सळईपर्यंत पोचायला निम्मा वेळ लागत नाही, ढोबळमानानं पावच लागतो. म्हणून १५-२० मिलिमीटरची चूक किनाऱ्यावर फार महागात जाते.

आपल्याकडचं कोड, आयएस ४५६, सन २००० चं, आजूबाजूच्या वातावरणाचे पाच वर्ग करतं: माइल्ड, मॉडरेट, सिव्हिअर, व्हेरी सिव्हिअर आणि एक्स्ट्रीम. किनारी हवेला उघडं असलेलं काँक्रीट सिव्हिअरमध्ये येतं. त्याला काँक्रीटच्या ताकदीचा किमान एम३० ग्रेड, घनमीटरला किमान ३२० किलो सिमेंट, पाणी-सिमेंटचं प्रमाण जास्तीत जास्त ०.४५ आणि ४५ मिलिमीटर कव्हर. प्रत्यक्ष लाटांचे तुषार लागत असतील तर व्हेरी सिव्हिअर, म्हणजे एम३५ आणि ५० मिलिमीटर. पळवाट मात्र त्याच तक्त्यात आहे. किनारी भागात असूनही खाऱ्या हवेपासून आडोशाला असलेलं काँक्रीट मॉडरेटमध्ये धरता येतं, आणि तिथं एम२५ आणि ३० मिलिमीटरवर भागतं. आता ३०० मीटरवरची इमारत उघडी की आडोशाला? कोड मीटरमध्ये काही सांगत नाही. ज्याला लोखंड-सिमेंट वाचवायचं असतं तो 'आडोशाला' म्हणतो. मी असतो तर बाहेरच्या बाजूचे सगळे कॉलम, बीम, बाल्कन्या आणि छज्जे सिव्हिअरमध्येच धरले असते, मध्ये माडाची वाडी असली तरी. वाडी उद्या तुटू शकते, कॉलम तिथंच राहतो.

त्यामुळे बिल्डरला पहिला प्रश्न दराचा विचारू नका. स्ट्रक्चरल ड्रॉइंग मागा. त्याच्या कोपऱ्यात जनरल नोट्स असतात, तिथं एक्स्पोजर कंडिशन म्हणजे वरच्या पाचांतला वर्ग, काँक्रीटचा ग्रेड आणि कव्हर लिहिलेलं असतं. दोन मिनिटांचं काम आहे. चांगला बिल्डर किंवा त्याचा इंजिनिअर हा प्रश्न ऐकून खूश होतो, कारण सहसा कुणी विचारत नाही. जो म्हणेल, 'साहेब, तुम्ही काळजीच करू नका, आम्ही ५३ ग्रेडचं सिमेंट वापरतो,' त्याच्यापासून जरा जपून. ५३ ग्रेड हे सिमेंटच्या ताकदीचं माप, खाऱ्या हवेशी त्याचा संबंध नाही. उलट किनाऱ्यावर भट्टीची मळी मिसळलेलं स्लॅग सिमेंट किंवा फ्लाय अ‍ॅश म्हणजे कोळशाची राख मिसळलेलं पीपीसी सिमेंट जास्त बरं, कारण त्यातून क्लोराईड सावकाश आत शिरतं. फक्त त्याला पाणी जास्त दिवस मारावं लागतं, कोडनं १४ दिवस सुचवले आहेत. आणि पाणी मारायला कंटाळा हा आपल्याकडचा साथीचा रोग आहे.

एक माझीच गोष्ट सांगतो. १९९७ साली किनाऱ्यावरच्या एका गावात चार मजल्यांच्या इमारतीवर मी साईट इंजिनिअर होतो. पावसाळा तोंडावर, कंत्राटदाराला घाई. सळई साच्यापासून उचलून धरणारे कव्हर ब्लॉक संपले होते, तर मुकादमानं सळयांखाली खडीचे तुकडे सरकवले. रेती जवळच्या खाडीतली. मी पाहिलं, कुरकुर केली आणि शेवटी स्लॅब पास केला. वय लहान, वरून फोन आलेला, ही सगळी कारणं आहेत. २००८ साली त्याच सोसायटीनं मला दुरुस्तीसाठी बोलावलं. माझी सही त्यांना आठवत नव्हती, मला आठवत होती. समुद्राकडच्या तीन बाल्कन्यांखाली सळईची जाडी निम्मी राहिली होती. कव्हर मोजलं तर कुठं १२ मिलिमीटर, कुठं ८. रहिवाशांनी दुरुस्तीला घातलेला पैसा त्या काळात एका छोट्या फ्लॅटच्या किमतीएवढा होता. तेव्हापासून मी कव्हर ब्लॉक मोजल्याशिवाय साईटवरून निघत नाही.

तुमच्या इमारतीचे अजून पाच स्लॅब व्हायचेत, हे तुमच्या फायद्याचं आहे. तयार फ्लॅटमध्ये गिलाव्यानं सगळं झाकलेलं असतं, तुम्हाला मात्र हाडं बघायला मिळतील. स्लॅब भरायच्या आदल्या दिवशी जाता आलं तर पाहा, सळईच्या जाळीखाली सिमेंटचे किंवा प्लॅस्टिकचे तयार कव्हर ब्लॉक आहेत की फरशीचे तुकडे. आधीच्या स्लॅबचं शटरिंग उघडलं असेल तर खाली उभं राहून छताकडे पाहा. सळयांच्या रेघा दिसत असतील तर कव्हर मेलं समजा. कॉलमच्या पायाशी काँक्रीट पोकळ, खडी उघडी, आणि वर घाईनं सिमेंट थापलेलं दिसलं तर त्याचा फोटो काढा. सळया जमिनीवर उघड्या पडल्यात का, ताडपत्री आहे का? वरच्या कॉलमसाठी सोडलेल्या सळयांना पिवळट पूड असेल तर ती चालते, घासून निघते. पण पापुद्रे सुटत असतील आणि काम सहा महिने बंद होतं असं शेजारचा चहावाला सांगत असेल, तर त्या सळयांनी एक पावसाळा खारा वारा खाल्लेला आहे.

बाल्कनीबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण तुम्ही पैसे तिच्याचसाठी मोजताय. बाहेर झेपावणाऱ्या स्लॅबमध्ये मुख्य सळई वरच्या अंगाला असते. काँक्रीट ओतताना मजूर तिच्यावरून चालतात आणि ती खाली दबते. मग बाल्कनी हळूहळू वाकते, वरून बारीक चीर पडते, पाणी साचतं आणि खारं पाणी सरळ सळईवर जातं. त्यात रेलिंगचे खांब स्लॅबमध्ये भोक पाडून बसवलेले असतात. साधं लोखंड असेल तर तो खांबच गंजून फुगतो आणि कड फोडतो. 'स्टेनलेस आहे' एवढ्यावर समाधान मानू नका. ३०४ ग्रेडवर समुद्राजवळ चहाचे डाग पडल्यासारखे तपकिरी ठिपके येतात. ३१६ मागा, आणि बिल पाहा, चुंबक लावून दोन्हींतला फरक कळत नाही. खिडक्यांना साध्या लोखंडी ग्रिलऐवजी यूपीव्हीसी म्हणजे कडक प्लॅस्टिक किंवा चांगलं कोटिंग केलेलं अ‍ॅल्युमिनियम बरं. पाणी आणि रेतीचे क्लोराईड रिपोर्टही मागा. काँक्रीटमध्ये मिसळायच्या पाण्यात सळईच्या कामाला लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्लोराईड चालत नाही, आणि किनाऱ्यावरचं बोअरवेल ही मर्यादा सहज ओलांडू शकतं. जुने मिस्त्री रेती जिभेला लावून सांगायचे. ती पद्धत मीही वापरली आहे, पण सही करताना लॅबचा कागदच लागतो.

हे सगळं स्वतः करणं जमणार नसेल तर एखाद्या स्थानिक स्ट्रक्चरल इंजिनिअरला दोन भेटींचे पैसे द्या. तो कव्हर मीटर घेऊन जाईल, दहा-वीस ठिकाणी रीडिंग घेईल. ४६ लाखांच्या सौद्यात हा खर्च म्हणजे हिरव्या चिवड्याचा डबा.

आता कागद. ३०० मीटर म्हणजे तुम्ही सीआरझेडमध्ये आहात. कोस्टल रेग्युलेशन झोनची पहिली अधिसूचना १९९१ ची, मग २०११ ची, आणि नवी २०१९ ची. मोजणी होते ती भरती रेषेपासून, तुम्ही ओहोटीला पाण्यापर्यंत चालत गेलात तिथून नाही. समुद्राच्या बाजूनं ५०० मीटरपर्यंतचा पट्टा यात येतो, आणि भाट्याच्या खाडीसारख्या भरतीच्या पाण्याच्या काठाला वेगळा पट्टा लागू होतो. शहराचा आधीच वस्ती झालेला भाग बहुतेक सीआरझेड-२ असतो. तिथं बांधकाम होऊ शकतं, पण समुद्राकडे असलेल्या रस्त्याच्या किंवा अधिकृत जुन्या इमारतींच्या ओळीच्या जमिनीकडच्या बाजूलाच. तेव्हा बिल्डरकडे १:४००० मापाच्या सीआरझेड नकाशावर त्याचा सर्व्हे नंबर आणि भरती रेषा दाखवलेली प्रत मागा आणि बांधकाम परवानगीत सीआरझेडचा उल्लेख कुठं आहे ते वाचा. 'बाजूच्या सगळ्यांनी बांधलंय' हे उत्तर नाही. केरळात कोचीजवळच्या मरडूमध्ये लोकांनी परवानगी असलेल्या इमारतींतच फ्लॅट घेतले होते. सीआरझेडचं उल्लंघन झालं म्हणून सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये त्या पाडायला सांगितल्या, आणि जानेवारी २०२० मध्ये चार संकुलं स्फोटकं लावून पाडली. मालकांना न्यायालयानं प्रत्येकी २५ लाखांची तात्पुरती भरपाई ठरवली. घर मात्र गेलं.

बडोद्यातून महाराष्ट्रात घर घेणाऱ्यांचा शब्दांत हमखास गोंधळ होतो. आपली रजाचिठ्ठी म्हणजे तिकडं बांधकाम परवानगी किंवा सीसी. आपली बी.यू. परमिशन म्हणजे तिकडचं भोगवटा प्रमाणपत्र, ओसी. आपण जी जमीन एन.ए. झाली का विचारतो, ती तिकडं बिनशेती. इथपर्यंत नुसतं भाषांतर आहे. खरा फरक दस्तात आहे. आपल्याकडं आधी बानाखत, म्हणजे विक्रीचा करार, होतं आणि मुख्य स्टँप ड्यूटी नंतर दस्तावेजावर, म्हणजे खरेदीखतावर, भरतो. महाराष्ट्रात बिल्डरबरोबरच्या नोंदणीकृत करारावरच पूर्ण ड्यूटी भरावी लागते, आणि जमीन-इमारतीचं खरेदीखत पुढं सोसायटीच्या नावानं होतं. म्हणजे ड्यूटीचे पैसे तुम्हाला सुरुवातीलाच काढून ठेवावे लागतील. दर जागेप्रमाणे साधारण ५ ते ७ टक्के. फ्लॅट एकट्या वहिनींच्या नावावर घेतला तर १ टक्का कमी. नोंदणी फी १ टक्का, पण ३० हजारांच्या वर जात नाही. आपल्याकडं बाईच्या नावावर नोंदणी फी माफ होते, तसं तिथं नाही.

सवलतीबद्दल माझं मत सरळ आहे: घेऊ नका. एक तर रेरा या घरखरेदीच्या कायद्याप्रमाणे नोंदणीकृत करार होण्याआधी १० टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायला बिल्डरला बंदीच आहे. करारानंतरही महारेराच्या, म्हणजे महाराष्ट्रातल्या रेरा प्राधिकरणाच्या, नमुना करारात टप्पे आहेत: जोत्यापर्यंत एकूण ४५ टक्के, सगळे स्लॅब झाल्यावर ७०. तुमच्या इमारतीचे दोन स्लॅब झालेत, म्हणजे आत्ता ५० च्या थोडं वर. ८० टक्के देणं म्हणजे साधारण १३ लाख वेळेआधी देणं. ते वर्षभर जरी आधी गेले तरी ७ टक्क्यांनं एफडीचं व्याज ९० हजारांच्या आसपास होतं. तुम्हाला सूट मिळते १ लाख २८ हजारांची. म्हणजे जेमतेम ४० हजारांसाठी, बिल्डरला तुमच्याकडे बघायची गरज उरणार नाही अशी सोय तुम्ही स्वतःच करून देणार. पाच स्लॅब बाकी असताना तुमच्या हातातला हप्ता हेच एक हत्यार आहे. कव्हर ब्लॉकबद्दलचा तुमचा फोन तो उचलतो तो त्यासाठीच.

घासाघीस करायचीच असेल तर वेगळ्या ठिकाणी करा. बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटी ५ टक्के आहे. पण महानगरांबाहेर कार्पेट ९० चौरस मीटरच्या आत आणि एकूण किंमत ४५ लाखांपर्यंत असेल तर तो १ टक्का. तुमचं कार्पेट ६० चौरस मीटरही भरत नाही. बिल्डरची सूट धरली तरी किंमत ४५.२२ लाख होते आणि जीएसटी सव्वादोन लाखांच्या वर जातो. त्याऐवजी सरळ दीड लाख कमी मागा, पार्किंग आणि बाकीचे सगळे आकार धरून ४५ लाखांत बसवा आणि पैसे टप्प्यानं भरा. जीएसटी होईल ४५ हजार. बिल्डरला त्याच्याच सवलतीपेक्षा २२ हजार जास्त सोडावे लागतात, तुमचे कितीतरी वाचतात. फक्त 'वरचे रोखीनं द्या' असं कानात कुणी म्हणालं तर उठून या. रोखीच्या पैशांवर ना व्याज मागता येतं ना परतावा.

महारेराच्या साईटवर प्रकल्प क्रमांक टाकून पाहालच. ताबा द्यायची जाहीर केलेली तारीख किती वेळा पुढं गेली आहे ते वाचा, तेवढं एक पान बिल्डरचा स्वभाव सांगतं. ताब्यानंतर पाच वर्षांत स्ट्रक्चरमध्ये दोष निघाला तर तो बिल्डरनं आपल्या खर्चानं दुरुस्त करायचा, तेही ३० दिवसांत, असं रेरा म्हणतो. चांगली तरतूद आहे. पण मिठाला सळईपर्यंत पोचायला बहुधा पाचहून जास्त वर्षं लागतात. त्यानंतरचा खर्च तुमचा आणि सोसायटीचा. महाराष्ट्रातल्या सोसायटीच्या आदर्श उपविधींत बांधकाम खर्चाच्या वर्षाला ०.२५ टक्के सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठीची गंगाजळी, आणि किमान ०.७५ टक्के दुरुस्ती फंड सांगितलाय, आणि इमारत १५ वर्षांची झाली की दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट. निम्मे फ्लॅट पुण्या-मुंबईच्या सुट्टीवाल्यांचे असलेल्या इमारतीत हे फंड कागदावरच राहतात, असा माझा अनुभव आहे. बुकिंग ऑफिसमध्ये विचारा, कितीजण तिथं कायम राहणार आहेत. जितके जास्त तितकं बरं. एअरबीएनबीचं तुम्ही ओझरतं लिहिलंय. सोसायटी झाल्यावर तिची संमती लागेल आणि चादरी धुणारं माणूस लागेल, सध्या तो विषय बाजूला ठेवा.

पाण्याचं मात्र विचारा. सयाजीरावांच्या कृपेनं आपल्याला आजवा तलावाच्या पाण्याची सवय, नळाला पाणी येणारच असं आपण गृहीत धरतो. रत्नागिरी शहराला मुख्यतः शीळ धरणाचं पाणी मिळतं, पण तुमच्या इमारतीला नगरपरिषदेचं कनेक्शन मंजूर आहे की बोअर-टँकरवर भिस्त आहे, हे करारात दिसलं पाहिजे. खारं बोअर असेल तर नळाच्या तोट्यांपासून गीझरपर्यंत सगळ्याचं आयुष्य कमी.

आता मजला. सातवा घेऊ नका. वर गच्ची, नैऋत्येचा पाऊस थेट अंगावर, आणि रत्नागिरीचा पाऊस म्हणजे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर, आपल्या बडोद्याच्या तिपटीहून जास्त. गच्चीचं वॉटरप्रूफिंग कितीही चांगलं असलं तरी बंद घरात ते गळायला लागलं हे तुम्हाला सहा महिन्यांनी कळणार. सर्वांत वरच्या मजल्यावर वारा खिडक्यांवर जे करतो ते निसर्ग वादळानंतर, जून २०२० मध्ये, अलिबागच्या बाजूला मी पाहिलंय. काचा शाबूत होत्या तिथंही चौकटीच्या फटींतून पाणी आत येऊन पलंग भिजले होते. तिसरा किंवा चौथा घ्या. समुद्राकडे हॉलची बाल्कनी असू द्या, झोपायच्या खोल्या आडबाजूला असल्या तर उत्तम. बाल्कनीवर आणि खिडक्यांवर पुरेसा छज्जा आहे का पाहा. हल्ली दिसायला गुळगुळीत इमारती करतात, छज्जे कापतात, आणि पश्चिमेच्या भिंतीला पहिल्याच पावसात लोणा धरतो.

तिसऱ्यावरून समुद्र दिसेल का? आज दिसत असेल तर समोरचा मोकळा प्लॉट कुणाचा ते नगररचना विभागात विकास आराखड्यात पाहा. तो समुद्राकडच्या रस्त्याच्या आतल्या अंगाला असेल तर उद्या तिथंही सात मजले उठतील आणि तुमचा 'सी व्ह्यू' समोरच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांचा होईल. करारात 'सी व्ह्यू' असं लिहून देणारा बिल्डर मी अजून पाहिला नाही, ब्रोशरमध्ये मात्र सगळेच छापतात. जाहिरातीतल्या खोट्या दाव्यावर रेरात तक्रार करता येते, म्हणून ब्रोशर फेकू नका.

आणि बंद घर. त्या एका ओळीमुळेच एवढं लिहिलं. पावसाळ्याचे चार महिने दारं-खिडक्या गच्च बंद राहिली तर आत हवा कोंडते, भिंतींवर आणि कपाटांत बुरशी येते, साधं प्लायवूड फुगतं, बिजागऱ्या गंजतात, फ्रिजचं दार चिकटतं. म्हणून सुरुवातीला फर्निचर अगदी कमी करा. करालच तेव्हा बीडब्ल्यूपी म्हणजे उकळत्या पाण्यातही टिकणाऱ्या दर्जाचं प्लाय, स्टेनलेस स्टीलची बिजागरी, आणि कपाट भिंतीपासून दोन बोटं सुटं. एसी आत्ता लावू नका. समुद्राजवळ त्याचं बाहेरचं युनिट चार-पाच वर्षांत कुजलेलं मी पाहिलंय, न वापरता सुद्धा. बाथरूमच्या झडपा उघड्या राहतील पण पाऊस येणार नाही अशी सोय करून घ्या. आणि महिन्यातून एकदा कुणीतरी दार उघडून, पंखे लावून, नळ सोडून, दोन तास बसलंच पाहिजे. मेहुणे असतील तर त्यांच्याशी आत्ताच बोला, फ्लॅट घेतल्यावर नाही. त्यांच्याकडून होणार नसेल तर मी म्हणेन सहा वर्षं थांबा. तेव्हा तीच इमारत भोगवटा प्रमाणपत्रासह रीसेलमध्ये मिळेल, जीएसटी नसेल, आणि सहा पावसाळ्यांनी तिच्या बाल्कन्यांखाली काय केलंय ते तुम्हाला फुकटात दिसेल.

घ्यायचंच ठरवलंत तर बुकिंगच्या आधी एकदा जुलैत जा. ओखा-एर्नाकुलमसारखी गाडी बडोद्याहून सरळ रत्नागिरीला नेते. दोन रात्री राहा, आणि त्याच बिल्डरची आठ-दहा वर्षांपूर्वीची, शक्यतो समुद्राकडची एखादी इमारत गाठा. वॉचमनला चहा पाजा, जिन्यानं गच्चीपर्यंत चढा, उतरताना प्रत्येक मजल्यावर बाल्कन्यांची खालची बाजू आणि लिफ्टच्या दाराचा खालचा पत्रा पाहा. त्यांचे फोटो आणि ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या जनरल नोट्स इथंच टाका, मी पाहून सांगतो.